‘किती स्टार मिळतील?’ असे विचारणारे आठ वर्षांचे मूल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तराआधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तुम्ही फ्रिजवर एक तक्ता लावलात. त्यात दात घासणे, दप्तर भरणे, गृहपाठ करणे, ताटातली भाजी संपवणे, धाकट्या बहिणीशी न भांडणे, कुंड्यांना पाणी घालणे आणि आजीला औषधाची आठवण करणे अशी सात कामे होती. प्रत्येक कामाला एक स्टार, आणि ३०० स्टार झाले की सायकल. पहिले दोन आठवडे घरात जादू झाल्यासारखे वाटले. तिसऱ्या आठवड्यात आजींनी आतून चष्मा आणायला सांगितला तेव्हा त्याने “किती स्टार?” असे विचारले आणि तिथून रोजची घासाघीस सुरू झाली. एका संध्याकाळी त्याच्या बाबांनी चिडून तक्ता फाडला, एक धपाटा घातला आणि महिनाभर मोबाइल बंद असल्याचे जाहीर केले. चौथ्या दिवशी घरी पाहुणे आले, मुलगा मध्येमध्ये करू लागला, म्हणून मोबाइल त्याच्या हातात परत गेला. आता स्टारचे आमिष चालत नाही आणि ओरडणेही चालत नाही. बक्षिसे कायमची बंद करावीत की शिक्षा अधिक कडक करावी, असा तुमचा प्रश्न आहे.

माझ्या मते या दोन्हींपैकी काहीही करण्याची गरज नाही. गेल्या दोन महिन्यांत तुमच्या घराने नकळत त्याला दोन धडे दिले आहेत. इथे प्रत्येक गोष्टीला भाव आहे, हा पहिला. मोठी माणसे जे जाहीर करतात ते घडतेच असे नाही, हा दुसरा. त्याने हे दोन्ही धडे चांगले आत्मसात केले आहेत. तुम्ही त्याला लोभी आणि निगरगट्ट म्हटले आहे. मला तो हुशार विद्यार्थी दिसतो. प्रश्न धडे बदलण्याचा आहे.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी मोकळेपणाने सांगायला हव्यात. मी दहा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि त्यानंतरची चौदा वर्षे मुलांचे व पालकांचे समुपदेशन करते आहे; परंतु तुमच्या मुलाला मी पाहिलेले नाही, त्यामुळे माझे म्हणणे काही अटींवर अवलंबून आहे. तो रात्री किती वाजता झोपतो, त्याचे डोळे तपासले आहेत का, गृहपाठ टाळताना तो सगळेच विषय टाळतो की फक्त लिहिण्याचे काम टाळतो, हे आधी पाहा. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी आली होती, जिला दोन वर्षे ‘आळशी’ म्हटले जात होते. शुद्धलेखनाच्या प्रत्येक पानामागे तिला दहा रुपये मिळत आणि पान न केल्यास टीव्ही बंद होई. प्रत्यक्षात तिला जोडाक्षरे आणि वेलांट्या यांचा मेळच लागत नव्हता आणि त्यासाठी वेगळ्या मदतीची गरज होती. जे मुलाला येतच नाही ते बक्षिसाने येत नाही, आणि शिक्षेने तर मुळीच नाही. बक्षीस आणि परिणाम यांची सगळी चर्चा फक्त ‘येते, पण करावेसे वाटत नाही’ अशा गोष्टींपुरती आहे. घरात अलीकडे काही मोठा बदल झाला असेल, घर किंवा शाळा बदलली असेल, कोणी दुरावले असेल, तर त्याकडेही आधी लक्ष द्या.

हे सगळे ठीक असल्याचे धरून पुढे लिहिते.

पहिले दोन आठवडे तक्ता का चालला, हे समजले की तो का बंद पडला तेही समजते. तुम्ही लिहिले आहे की पहिल्या दिवशी तुम्ही दोघे मिळून दुकानातून सोनेरी स्टारची पाकिटे आणलीत आणि प्रत्येक स्टार तुम्ही स्वतः त्याच्या बोटावर चिकटवून देत होतात, तो उड्या मारत फ्रिजपर्यंत जात होता. पुढच्याच परिच्छेदात तुम्ही लिहिता की नंतर नंतर “जा, लावून घे” असे ओट्यापासूनच सांगू लागलात. बारा तासांचा दिवस, पोळ्या, धाकटीचा अभ्यास. मी दोष देत नाही. पण बोटावर ठेवलेल्या त्या स्टारमध्ये आईने थांबून आपल्याकडे पाहिल्याचा आनंद होता. तो वजा झाल्यावर उरला तो कागदाचा तुकडा, ज्याची किंमत एका सायकलीचा तीनशेवा भाग एवढीच होती. आठ वर्षांचे मूल स्वतःच्या मनाने फार तर आठवडाभर पुढे पाहू शकते. दोन महिन्यांनी येणारी सायकल ही त्याच्या दृष्टीने आपल्या निवृत्तिवेतनासारखी गोष्ट आहे.

आता घासाघिशीकडे येते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्केचपेनने चित्रे काढणे ज्यांना मुळातच आवडत होते अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि लाल फीत असलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिले, काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात पुन्हा ठेवले तेव्हा आधी ठरवून बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या तुलनेत जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे घात वस्तूने केला नव्हता; ‘हे केलेस तर ते देईन’ या कराराने केला होता. आवडीने होणाऱ्या कामाला मोबदला लावला की मूल स्वतःशीच असा अर्थ लावते की, ज्याअर्थी पैसे द्यावे लागतात त्याअर्थी हे काम कंटाळवाणेच असणार.

हे मी पुस्तकात वाचले होते, वर्गात इतर पालकांना समजावूनही सांगितले होते, आणि तरीही माझ्या मुलीच्या चौथीच्या उन्हाळी सुट्टीत एका पुस्तकाला पाच रुपये असा दर मी स्वतःच जाहीर केला. तोवर ती जेवतानाही पुस्तक सोडत नसे. माझी इच्छा एवढीच होती की तिने अजून वाचावे. तिसऱ्या दिवशी मी तिला कपाटासमोर उभी असलेली पाहिली. ती पुस्तक उचलायची, मागून उघडून शेवटचा पृष्ठक्रमांक बघायची आणि परत ठेवायची. जाडजूड पुस्तके तशीच राहिली आणि मोठ्या अक्षरांची सोळा पानी पुस्तके भराभर संपली. सुट्टी संपल्यावर दर बंद झाला, तेव्हा वाचनही बंद झाले. ते परत यायला दिवाळी उजाडली, आणि तेही मी त्याविषयी एक शब्दही बोलायचे नाही असे ठरवल्यानंतर.

म्हणून तुमच्या त्या सात कामांची यादी पुन्हा एकदा हातात घेऊ.

कुंड्यांना पाणी घालणे यादीतून आजच काढा. तुम्हीच लिहिले आहे की पाच वर्षांचा असल्यापासून तो ते हौसेने करत होता. हे त्याचे स्केचपेन होते. आजींना औषधाची आठवण करणेही काढा, कारण ते आजी-नातवामधले काम आहे आणि त्याचा मोबदला आजींचा चेहरा हाच आहे. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली अवघ्या वीस महिन्यांच्या बाळांवर केलेल्या अभ्यासात, मदत केल्यावर खेळणी मिळालेली बाळे पुढे कमी मदत करू लागली. काहीही न मिळालेली किंवा नुसते कौतुक झालेली बाळे मात्र मदत करतच राहिली. “किती स्टार?” हा प्रश्न आजींना लागला असणार, पण तो प्रश्न त्याने शोधलेला नाही. तुमच्या तक्त्यात आजींचे औषध आधीपासून होते. चष्मा हा त्याने केलेला तर्कशुद्ध विस्तार आहे.

भाजी संपवणे हेही बक्षिसाच्या यादीत कधीच नसावे. भाजी संपवल्यास स्टार म्हणजे भाजी ही शिक्षा आहे अशी आपणच दिलेली जाहिरात. ताटात काय वाढायचे ते तुम्ही ठरवा, त्यातले किती खायचे ते त्याला ठरवू द्या, आणि जेवणानंतर तासाभरात बिस्किटांचा डबा उघडणार नाही एवढे मात्र पाळा.

बहिणीशी न भांडणे हे काम वेगळ्या कारणाने गळते. झोपलेल्या मुलालाही जे जमते ते काम नव्हे. ‘न करणे’ कोणाला दिसत नाही, त्यामुळे त्याचा स्टार कधी द्यायचा हे ठरत नाही आणि संध्याकाळी “मी आज भांडलोच नाही”, “खोटं बोलतोय, मला चिमटा काढला” अशी कोर्टकचेरी सुरू होते. भांडणाच्या जागी काय करायला हवे ते सांगा: खेळणे हवे असेल तर हिसकावण्याऐवजी मागायचे, आणि ती देत नसेल तर येऊन तुम्हाला सांगायचे. हे करताना तो दिसला की तिथेच, त्याच क्षणी, “मागितलंस, हिसकावलं नाहीस, मी पाहिलं” असे म्हणा. एवढेच पुरे आहे.

दप्तर भरण्याचे काम शाळेवर सोडा. कंपासपेटी राहिली तर शेजारच्या मुलाकडे पेन्सिल मागावी लागेल, चित्रकलेची वही राहिली तर तो तास नुसते बसून काढावा लागेल. हा परिणाम कोणी दिलेला नाही, त्यामुळे त्यात राग नाही आणि वादही नाही. अट एकच आहे: विसरलेली वही घेऊन तुम्ही किंवा आजी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहायचे नाही, आणि संध्याकाळी “मी सांगितलं होतं ना” असेही म्हणायचे नाही. अर्थात आपोआप येणाऱ्या परिणामांवर सगळेच सोडता येत नाही. रस्ता, गॅस, विजेचे बटण यांच्याबाबतीत अनुभव हा शिक्षक परवडणारा नाही. आणि दातांच्या बाबतीत तो शिक्षक इतक्या उशिरा येतो की दाढ किडते तेव्हा कोणती रात्र चुकली होती हे कोणालाच आठवत नाही.

म्हणूनच दात घासणे हे तुमच्या यादीतले बक्षिसाला सर्वांत योग्य काम आहे. ते कंटाळवाणे आहे, त्याची मुळात कोणाला आवड नसते त्यामुळे बक्षिसाने आवड मरण्याची भीती नाही, त्याचा फायदा फार लांब आहे, आणि काही आठवडे रोज घडले तर पुढे सवय ते स्वतः ओढून नेते. तेव्हा नवा तक्ता करायचाच असेल तर या एकाच कामाचा करा. माझ्याकडे येणाऱ्या एका आईने तक्ता केलाच नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेच्या चौकोनात आपल्या पाकिटातली एक टिकली लावायला सुरुवात केली. टिकली कोणत्या रंगाची ते मुलगी निवडे, लावताना आई शेजारी उभी असे, आणि शनिवारपर्यंत पाच टिकल्या झाल्या की रविवारी सकाळी बाबांबरोबर टेकडीवर जायचे असे ठरले होते. सातापैकी पाच, सातापैकी सात नव्हे. एक दिवस चुकला म्हणून आठवडा बुडाला असे मुलाला वाटता कामा नये. तीन-चार आठवड्यांनी टिकल्या लावायचे मायलेकी विसरू लागल्या आणि दात घासणे चालू राहिले. बक्षिसाचा शेवट असाच, कोणाच्या लक्षात न येता व्हायला हवा.

राहिला गृहपाठ, आणि खरी रणभूमी तीच आहे. इथे स्टारपेक्षा कामी येते ती सगळ्या आज्यांना माहीत असलेली रीत: आधी शुभंकरोती, मग जेवण. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली हेच शास्त्रात बसवले: मूल जे आपणहून जास्त वेळा करते ते, कमी वेळा करते त्याच्या मागे जोडले, की मागचे पुढच्याला ओढते. तुमच्या घरात संध्याकाळचा अर्धा तास मोबाइल आहेच. तो नव्याने द्यायचा नाही, काढूनही घ्यायचा नाही. फक्त त्याची जागा गृहपाठाच्या नंतर ठरवायची.

यात एका शब्दाने फार फरक पडतो. “गृहपाठ केलास तर मोबाइल देईन” आणि “गृहपाठ झाला की मोबाइल” ही दोन वाक्ये सारखी वाटतात, पण ‘तर’ मध्ये सौदा आहे आणि सौद्याला “नाही केला तर?”, “अर्धा केला तर?” अशी उत्तरे येतात. ‘झाला की’ हे वेळापत्रक आहे. पाऊस थांबला की बाहेर जाऊ, तसे. तिसरे वाक्य, “नाही केलास तर बघ, मोबाइल विसर”, ही धमकी आहे आणि धमकीला मूल आपल्या परीने आव्हान देऊन पाहते. तुम्ही साडेसहाला एकदा, त्याच्या जवळ जाऊन, तो पाहत असताना, साध्या आवाजात “गृहपाठ झाला की मोबाइल, आठ वाजेपर्यंत” असे म्हणा आणि कामाला लागा. साडेसातला गृहपाठ झाला तर अर्धा तास मिळेल, पावणेआठला झाला तर पंधरा मिनिटे, आठनंतर झाला तर आज वेळ संपली. पुन्हा आठवण करायची नाही, टोमणा मारायचा नाही, आणि त्याने रडून गोंधळ घातला तरी आठचे सव्वाआठ करायचे नाहीत. उद्या साडेसहाला पाटी कोरी.

ओघात आले म्हणून लाचेविषयी दोन शब्द. किराणा दुकानात मूल आडवे पडल्यावर “उठ, चॉकलेट घेऊ” असे म्हणणे हे बक्षीस नव्हे. बक्षीस चांगल्या वागण्यानंतर येते. हे वाईट वागण्याच्या मध्यावर आले आणि त्यानेच ते मिळवले. आजी हळूच चॉकलेट देतात ही तुमची तक्रार मात्र मला फार गंभीर वाटत नाही. आजींनी विनाकारण, विनाअट दिलेले चॉकलेट हा लाड आहे, आणि लाडाने मूल बिघडत नाही. तुम्ही ‘नाही’ म्हटल्यावर ते रडते म्हणून आजी देतात तेव्हा प्रश्न येतो, आणि आजींना सांगायचे ते एवढेच सांगा.

आता शिक्षेकडे. महिनाभराची मोबाइलबंदी दोन बाजूंनी फसते. पहिली बाजू तुम्ही पाहिलीत: ती निभावणे मोठ्यांनाच झेपत नाही, आणि बोलाचीच कढी ठरली की पुढच्या दहा ताकिदींचे वजन जाते. दुसरी बाजू अशी की ती खरोखर पाळली असती तरी पहिल्या दिवसानंतर मुलाकडे गमावण्यासारखे काही उरले नसते. एकोणतीस दिवस चांगले वागून काहीच परत मिळणार नसेल तर चांगले का वागायचे, हा प्रश्न आपल्यालाही पडला असता. माझ्या अनुभवात मुलांच्या बाबतीत परिणाम किती मोठा आहे याने फार फरक पडत नाही. तो आजच येतो का, दरवेळी येतो का, आणि केलेल्या गोष्टीशी त्याचा काही संबंध आहे का, याने पडतो. सांडलेले पाणी पुसणे, घरात चेंडू मारला म्हणून तो चेंडू उद्या सकाळपर्यंत कपाटावर जाणे, ठरलेल्या वेळेनंतर मोबाइल सोडला नाही तर तितकी मिनिटे उद्याच्या अर्ध्या तासातून वजा होणे. याहून मोठे काही सहसा लागत नाही.

शिक्षेचा दर ठरला की तोही भाव होऊन बसतो. इस्राएलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा एक अभ्यास नीझी आणि रुस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यातल्या सहा पाळणाघरांनी दंड लावला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाली. आधी ताईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटत होती. आता पैसे भरले की हिशेब मिटत होता. पुढे दंड रद्द केला तरी ती लाज परत आली नाही. ‘खोटे बोललास तर पाच स्टार कापले जातील’ असे नियम करणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट हमखास सांगते. पाच स्टारना खोटे बोलता येते असे मूल शिकते, आणि कधीकधी तो सौदा त्याला परवडतो.

धपाट्याविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण त्याला उत्तर द्यायलाच हवे. शाळांमध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई आहे. घरात आपल्यावर लक्ष ठेवायला कोणी नसते. धपाट्याने मूल त्या क्षणी थांबते हे खरे आहे, आणि नेमकी तिथेच गोम आहे. घरात क्षणात शांतता होते, म्हणजे बक्षीस कोणाला मिळाले? मारणाऱ्याला. त्यामुळे पुढच्या वेळी हात आणखी लवकर उठतो, आणि मुलाला मात्र काय करायला हवे होते याचा पत्ता लागत नाही. बाबा घरात असताना काय करू नये एवढेच कळते. त्याच्या बाबांशी बोलताना त्यांना खलनायक ठरवू नका. दिवसभर दमून आलेल्या माणसाला साडेसात वाजता घरात रणांगण दिसले की काय होते ते मी जाणते. साडेसहाचे ते एक वाक्य त्यांनाही तोंडपाठ करायला सांगा आणि आवाज चढू लागला की दोघांपैकी जो शांत आहे त्याने पुढे व्हायचे, एवढे ठरवा.

घरातल्या तिघा मोठ्यांचे एकमत का लागते, याचे कारण नुसते ‘शिस्त’ हे नाही. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसते की दरवेळी दाणा मिळणारे कबुतर दाणे बंद झाल्यावर टोच मारणे लवकर सोडते, पण कधी पाचव्या टोचीला, कधी पन्नासाव्या टोचीला दाणा मिळालेले कबुतर फार काळ टोचत राहते. “आई, पाच मिनिटं मोबाइल दे ना” याला दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी वैतागून हो म्हटले, की आपण हट्ट मोडलेला नसतो, त्याला चिकाटी शिकवलेली असते. यामुळेच एक पूर्वसूचना देऊन ठेवते. तुम्ही खरोखर ठाम झालात की पहिले चार-पाच दिवस हट्ट वाढेल, आवाज वाढेल, कदाचित आजवर न केलेला प्रकारही तो करेल. उपाय चुकला असे समजून बहुतेक घरे नेमकी इथे माघार घेतात, आणि त्यामुळे मुलाला कळते की अजून थोडा जोर लावायला हवा होता. हे दिवस परीक्षेच्या किंवा पाहुण्यांच्या आठवड्यात येणार नाहीत असे पाहून सुरुवात करा.

कौतुकाबाबत आपल्याकडे एक जुनी भीती आहे की मूल शेफारते, डोक्यावर बसते. मी उलट पाहिले आहे, पण ‘गुणाचं बाळ ते’ अशा घाऊक कौतुकाने फारसे काही होत नाही, कारण नेमके काय आवडले ते त्यात नसते. “आज दप्तर न सांगता जागेवर ठेवलंस” हे वाक्य रुक्ष वाटते, तरी मुलाला ते जास्त पोहोचते.

तुमच्या सासूबाई निवृत्त बालवाडी शिक्षिका आहेत आणि त्यांच्या मते बक्षीस व शिक्षा दोन्ही चूक आहेत, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. त्यांच्या या मतामागे मोठी परंपरा आहे. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींचा हा विचार गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात राबवला आणि ताराबाई मोडक यांनी तो आपल्याकडे बोर्डी-कोसबाडपर्यंत आणला. शिकणे, वाचणे, चित्र काढणे, प्रश्न विचारणे यांच्याबाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. तिथे बक्षिसाला पाऊल ठेवू देऊ नये. रात्री साडेनऊला दात घासण्याच्या बाबतीत मात्र माझी तत्त्वनिष्ठा थोडी कमी पडते, आणि टिकलीने काम होत असेल तर मी टिकली लावते.

शेवटी त्या फाडलेल्या तक्त्याविषयी, कारण तुम्ही विचारले नसले तरी नवी सुरुवात तिथूनच करावी लागेल. तक्ता फाडला तेव्हा त्यावर ११२ स्टार होते असे तुम्ही लिहिले आहे. ते त्याने कमावले होते, आणि नंतरच्या वागण्यामुळे आधीची कमाई रद्द होते असे कोणीही, कधीही ठरवले नव्हते. रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांपैकी निम्म्यांना आधी चांगले रंग आणून देण्याचे वचन देऊन ते पाळले, निम्म्यांच्या बाबतीत मोडले. त्यानंतर ‘आता हा गोड पदार्थ न खाता थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगितले, तेव्हा वचन पाळले गेलेली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली आणि मोडले गेलेली सुमारे ३ मिनिटे. तुमचा मुलगा आज कोणत्या गटात आहे, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा येत्या रविवारी दोघांनी त्याच्याजवळ बसा. तक्ता फाडणे चुकले, हे वाक्य बाबांनी स्वतः म्हणावे, आणि त्याला ‘पण’ जोडू नये. सायकल त्याच्या वाढदिवसाला किंवा दिवाळीला, तुमच्या खिशाला झेपेल तेव्हा, कोणत्याही अटीशिवाय येईल असे सांगून टाका, म्हणजे ती या बाजारातून बाहेर पडेल. ११२ स्टारच्या बदल्यात या आठवड्यात संपेल असे काहीतरी लहान त्याला निवडू द्या. तो बहुधा तुम्हाला वाटते त्याहून स्वस्त काहीतरी मागेल. सोमवारी साडेसहाला त्याच्या जवळ जाऊन ते वाक्य म्हणा. पहिल्या दोन आठवड्यांत काय झाले ते कळवलेत तर पुढचे बोलता येईल. कळवताना तो किती वेळा रडला याच्या जोडीला तुम्ही किती वेळा पुन्हा आठवण केलीत तेही मोजून लिहा.